सनदेवाचून विद्यापीठ

नूतन शैक्षणिक वर्षाच्या आरंभी विद्यापीठाच्या धुरीणाने आपले संकल्प जाहीर करावेत, ही प्रथा आता इतकी रूढ झाली आहे की, त्या निवेदनात काय असणार हे वाचणाऱ्यास आधीच ठाऊक असते. निकाल वेळेवर लागतील, रिक्त पदे भरली जातील, नव्या अभ्यासक्रमांस प्रारंभ होईल, संशोधनास उत्तेजन मिळेल आणि वसतिगृहाच्या रखडलेल्या इमल्याचे काम तडीस नेले जाईल. यांतील एकही गोष्ट अनावश्यक नाही. तथापि, हाती पैसा थोडा, माणसे मोजकी आणि वर्षाचे महिने बाराच, अशा स्थितीत कशाच्या आधी काय करावयाचे आणि कशावाचून तूर्त निभावून न्यावयाचे, याचा निर्णय ज्यातून उघड होतो, असा क्रम त्या निवेदनात क्वचितच आढळतो. आणि माझ्या मते त्या धुरीणाची शिक्षणविषयक श्रद्धा खऱ्या अर्थाने प्रकट होते ती या क्रमातच. महाराष्ट्रात हा क्रम अत्यंत स्पष्टपणे, आणि तत्कालीन बहुतेक जाणत्यांच्या मताविरुद्ध, एका गृहस्थाने लावून दाखविला होता. ते वर्ष १९१६, आणि ते गृहस्थ म्हणजे धोंडो केशव कर्वे.

त्या वर्षाचे माहात्म्य ध्यानी येण्यासाठी भोवतालचा देश पाहिला पाहिजे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी होती; शिकविणे हे महाविद्यालयांचे काम. पुढील साठ वर्षांत त्यांत भर पडली ती लाहोर आणि अलाहाबाद यांचीच. नंतर एकाच वर्षात हालचाल सुरू झाली. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी काशीस हिंदू विद्यापीठाची कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते बसली. त्या विद्यापीठाचा कायदा आदल्याच वर्षी संमत झालेला होता. जुलैमध्ये म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयाने म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. एकास साम्राज्याची मान्यता, दुसऱ्यास संस्थानाची तिजोरी. या दोहोंच्या मध्ये, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यास भारतवर्षीय महिला विद्यापीठाच्या नियामक सभेची पहिली बैठक भरली. त्या विद्यापीठास सनद नव्हती, जमीन नव्हती, इमारत नव्हती आणि ठेवही नव्हती.

कर्वे त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापकपदावरून, तेवीस वर्षांच्या सेवेनंतर, १९१४ साली ते निवृत्त झाले होते. विधवाविवाह, अनाथ बालिकाश्रम, हिंगण्याचे महिला विद्यालय आणि निष्काम कर्म मठ ही कार्ये त्यांनी एकामागून एक हाती घेऊन मार्गी लावली होती. १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केल्याबद्दल आपल्या गावच्या, मुरूडच्या, ग्रामस्थांनी घातलेला बहिष्कार त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबाने सोसला होता. अशा मनुष्याने या वयात विश्रांती घ्यावी हे कोणासही स्वाभाविक वाटले असते. त्यांच्या हाती मात्र जपानमधील महिला विद्यापीठाचे एक माहितीपत्रक आले. तोक्योतील ती संस्था १९०१ साली जिन्झो नारुसे यांनी काढली होती. मुलींना स्त्री म्हणून, माणूस म्हणून आणि राष्ट्राची घटक म्हणून शिकवावे, आणि हे शिक्षण त्यांच्याच भाषेतून द्यावे, ही त्या संस्थेची धारणा कर्व्यांच्या मनातील जुन्या विचाराशी तंतोतंत जुळली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि अध्यक्षीय भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना लोकांपुढे ठेवली. त्या भाषणापासून पहिला वर्ग भरेपर्यंत पुरते सात महिनेही गेले नाहीत, यावरून त्यांनी कशाची वाट पाहिली नाही, हे कळते.

त्यांनी सरकारी मान्यतेची वाट पाहिली नाही. याची मीमांसा त्यांच्या व्यवहारी स्वभावास साजेशी होती. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ सरकार मान्य करणार नाही, हे उघड होते. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत मराठीस थोडीशी जागा मिळावी एवढ्याकरिता न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषास वर्षानुवर्षे खटपट करावी लागली होती, आणि तिचे फळ हाती येते न येते तोच १९०१ साली त्यांचे देहावसान झाले होते. जेथे एका विषयाच्या प्रवेशास इतका काळ लागतो, तेथे सबंध शिक्षण मराठीतून देणाऱ्या संस्थेच्या सनदेकरिता अर्ज करून बसणे म्हणजे विद्यार्थिनींची एक पिढी दप्तरात अडकवून ठेवणे होते. म्हणून मान्यता मागे टाकावयाची आणि अध्यापन पुढे घ्यावयाचे, हा त्यांच्या क्रमातील पहिला निर्णय. आज असा निर्णय कोणी घेऊ म्हणेल तर तो बेकायदेशीर ठरेल. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याने पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या वा तसा अधिकार मिळालेल्या संस्थांपुरता राखून ठेवला, आणि ‘विद्यापीठ’ हे नाव लावण्यावरही निर्बंध घातला. बनावट पदव्यांचा बाजार पाहता हा निर्बंध योग्यच आहे, असेच मी म्हणेन. तरीही, हा कायदा चाळीस वर्षे आधी झाला असता तर महाराष्ट्र एका मोठ्या प्रयोगास मुकला असता, हेही नमूद केले पाहिजे.

सनदेवाचून विद्यापीठ चालवावयाचे तर त्यास लोकमान्यतेचे अधिष्ठान हवे. कर्व्यांनी ते दोन मार्गांनी उभे केले. पहिला मार्ग माणसांचा. कुलपती म्हणून त्यांनी डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना पाचारण केले, आणि कुलगुरू म्हणून रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना. भांडारकर तेव्हा ऐंशीच्या घरात होते; प्राच्यविद्येतील त्यांचा अधिकार युरोपातही मान्य झालेला होता; आणि विशेष म्हणजे १८९३ ते १८९५ या काळात ते मुंबई विद्यापीठाचेच कुलगुरू होते. ज्याने सरकारी विद्यापीठाचा कारभार पाहिला, त्याने या बिनसनदी विद्यापीठाचे पालकत्व पत्करावे, यात या संस्थेस कोणत्याही हुकूमनाम्यापेक्षा अधिक वजन लाभले. परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य, केंब्रिजचे सीनियर रँग्लर, आणि कर्व्यांच्याच घरी राहून शिकलेले त्यांचे आप्त. कर्व्यांनी स्वतःकडे राखून ठेवले ते वर्गणी मागत फिरण्याचे काम. संस्थेतील सर्वांत उंच आसने विद्वत्तेस द्यावयाची आणि सर्वांत कष्टाचे काम आपण घ्यावयाचे, ही वाटणी त्यांनी इतक्या सहजपणे केली की, ती त्यागबुद्धीने केली असे म्हणणेदेखील त्यांना रुचले नसते.

दुसरा मार्ग पैशाचा, आणि तो अधिक विचारणीय आहे. एखाद्या धनिकाच्या मोठ्या देणगीची प्रतीक्षा न करता कर्व्यांनी वार्षिक वर्गणी देणाऱ्यांचे मतदारसंघ बनविले. पदवीधरांचा निराळा, इतरांचा निराळा. हे वर्गणीदार नियामक सभेचे सभासद निवडीत. म्हणजे विद्यापीठाचा जमाखर्च आणि विद्यापीठाची सत्ता या दोहोंचा उगम एकच होता, आणि वर्गणीची रक्कम लहान असल्यामुळे तो उगम कारकून, शिक्षक, वकील आणि पेन्शनर अशा मध्यमस्थितीतील लोकांच्या घरात होता. वर्षाचा खर्च वर्षाच्या वर्गणीत भागवावयाचा, म्हणजे दरवर्षी नव्याने लोकांकडे जावयाचे, आणि दरवर्षी त्यांना संस्थेने काय केले याचा हिशेब द्यावयाचा, ही या रचनेतील अपरिहार्य शिस्त. आजच्या विद्यापीठांच्या अधिसभांतही पदवीधरांचे मतदारसंघ असतात; परंतु मतदार पदवीधर आपल्या विद्यापीठाच्या अंदाजपत्रकावर किती काळ दृष्टी ठेवून असतो, हे प्रत्येक सुज्ञ वाचकाने आपल्या मनाशी ताडून पाहावे.

या वर्गणीच्या फेरीतच महात्मा गांधींशी त्यांचा जो संवाद झाला, त्यात कर्व्यांच्या योजनेचा सर्वांत नाजूक भाग उघडा पडतो. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, हे तत्त्व गांधीजींना सर्वस्वी मान्य होते. त्यांचा आक्षेप होता तो इंग्रजी हा विषय प्रत्येकीस सक्तीचा करण्यास. ज्यांना हवे त्यांनी ते शिकावे, इतरांवर ते ओझे नसावे, असे त्यांचे म्हणणे. कर्वे आपल्या मतावरून ढळले नाहीत. गांधीजींनी मतभेद कायम ठेवून वार्षिक दहा रुपये वर्गणी देण्याचे मान्य केले. दोघेही आपापल्या जागी राहिले आणि कार्य पुढे गेले, हे त्या काळच्या सार्वजनिक जीवनाचे भूषण होय.

या वादात माझे मत कर्व्यांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण भावनेचे नसून ग्रंथालयाचे आहे. १९१६ साली मराठीत समाजशास्त्रावर, मानसशास्त्रावर, अर्थशास्त्रावर महाविद्यालयीन विद्यार्थिनीस पुरतील असे ग्रंथ किती होते? अध्यापकाने इंग्रजी ग्रंथ वाचून मराठीत व्याख्यान द्यावे, परिभाषा जुळवावी, आणि विद्यार्थिनीने ते व्याख्यान टिपून घ्यावे, यापलीकडे उपाय नव्हता. त्या विद्यार्थिनीस इंग्रजी वाचता येत नसेल, तर ती सर्वस्वी अध्यापकाच्या टिपणांवर अवलंबून राहणार, आणि पदवी घेऊनही तिची बुद्धी परतंत्रच राहणार. विचार मराठीत करावयाचा, उत्तरे मराठीत लिहावयाची, पण आधारग्रंथ स्वतः उघडून पाहण्याचे सामर्थ्य अंगी असावयाचे, ही व्यवस्था त्या घडीस सर्वांत सुज्ञपणाची होती. तिच्यामुळे दुसरेही एक काम घडले. या संस्थांत अध्यापन करणारे वामन मल्हार जोशी हे ‘रागिणी’चे कर्ते म्हणून मराठी वाचकास परिचित आहेत; त्यांचा ‘नीतिशास्त्र-प्रवेश’ हा ग्रंथ १९१९ साली प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य नीतिमीमांसेचा सांगोपांग विचार मराठीत मांडणारा हा ग्रंथ अशा काळात निघाला की, ज्या वेळी महाराष्ट्रात मराठीतून उच्च शिक्षण देणारी ही एकच संस्था होती. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारून भाषांतरासाठी स्वतंत्र खाते उघडले ते १९१७-१८ च्या सुमारास, आणि त्यामागे निजामाचा खजिना होता. पुण्यात त्या खात्याचे काम, जे काही झाले ते, अध्यापकांनी आपल्या घरी रात्रीच्या दिव्यापाशी बसून केले असले पाहिजे.

अभ्यासक्रमाविषयी मात्र माझे समाधान होत नाही. मातृभाषा, इंग्रजी, इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र यांबरोबर गृहव्यवस्था आणि आरोग्य हे विषय सर्वांस आवश्यक ठरविण्यात आले, आणि गणित व भौतिक शास्त्रे ऐच्छिकांत गेली. स्वतः आयुष्यभर गणित शिकविलेल्या पुरुषाने आपल्या विद्यार्थिनींच्या वाटेवरून गणित दूर सारावे, याचे त्या काळीही पुष्कळांना वैषम्य वाटले. स्त्रियांचे शिक्षण निराळे म्हणजे कालांतराने कनिष्ठ, अशी सुधारकांतील एका पक्षाची भीती होती, आणि ती निराधार नव्हती. कर्व्यांचे उत्तर असे की, सरकारी विद्यापीठांचे दरवाजे मुलींना उघडे आहेतच, ज्यांस तो मार्ग झेपेल त्यांनी तो अवश्य धरावा. परंतु ज्या शेकडो मुलींना परकीय भाषेच्या आणि गणिताच्या उंबऱ्यावरच अडखळून परत फिरावे लागते, त्यांच्याकरिता दुसरे दार हवे. दुसरे दार हवे, हे मला पटते. त्या दारातून आत गेलेलीस सृष्टिशास्त्रांची दालने सहसा बंद राहिली, ही या योजनेची उणीव होय, आणि संस्थेविषयीच्या आदरापोटी ती झाकून ठेवणे इतिहासाशी इमान राखणे होणार नाही.

पदव्यांची नावेदेखील नवी घडविण्यात आली. पहिल्या पदवीस ‘गृहीतागमा’ म्हणावयाचे, म्हणजे जिने विद्या ग्रहण केली आहे अशी. आणि वरच्या पदवीस ‘प्रदेयागमा’, म्हणजे जी विद्या देण्यास समर्थ झाली आहे अशी. इंग्रजी आद्याक्षरांत ती जी. ए. आणि पी. ए. अशी लिहिली जात. ५ जुलै १९१६ रोजी हिंगण्यास विद्यापीठाच्या महिला पाठशाळेचा पहिला वर्ग भरला तेव्हा त्यात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. पुण्यापासून चार मैलांवरचे ते माळरान. आश्रमाच्या साध्या खोल्या. आणि त्या खोल्यांत ‘भारतवर्षीय’ असे विशाल नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाचे संपूर्ण अध्यापन. तीन वर्षांनी, १९१९ मध्ये, पहिली गृहीतागमा बाहेर पडली. एकच. सरकारी नोकरीस ही पदवी चालत नसे. मुंबई विद्यापीठ ती ओळखीत नसे. आणि तरीही आईबापांनी आपल्या मुली, आणि पुष्कळदा सासरच्यांनी आपल्या विधवा सुना, या पदवीकरिता पाठविल्या. नरसिंह चिंतामण केळकर यांच्या कन्या कमलाबाई देशपांडे याच विद्यापीठाच्या पदवीधर. पुढे त्यांनी युरोपात जाऊन प्राग विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली आणि परत येऊन याच संस्थेच्या सेवेत त्या रुजू झाल्या.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांचे दान जाहीर केले, तेव्हा या क्रमास प्रथमच धक्का बसला. साडेतीन टक्के दराने त्या रकमेचे वार्षिक व्याज बावन्न हजार पाचशे रुपये होई. वर्गणीदारांच्या पाचा-दहा रुपयांवर चालणाऱ्या संस्थेस हा आकडा विस्मयकारक होता. दानाच्या अटींनुसार विद्यापीठास दात्याच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले, आणि त्याचे मुख्य ठाणे पुढे मुंबईस जावे असे ठरले. या दानाने विद्यापीठ तरले आणि वाढले, गुजरातेत त्याच्या शाखा पसरल्या, यात संशय नाही. परंतु सर विठ्ठलदास निवर्तल्यानंतर त्यांचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद निर्माण झाले, आणि काही काळ हे व्याजाचे उत्पन्न थांबले. तेव्हा संस्थेस आधार कोणाचा, तर पुन्हा लहान वर्गणीदारांचा. कर्वे १९२९ साली, सत्तरी उलटून गेल्यावर, युरोप, अमेरिका आणि जपान यांच्या दौऱ्यावर निघाले, आणि परतल्यावर थोड्याच महिन्यांत आफ्रिकेस गेले. मोंबासा, झांझिबार, दक्षिण आफ्रिका, जेथे जेथे आपले लोक व्यापारउदिमास गेले होते तेथे तेथे विद्यापीठाची पावतीपुस्तके त्यांनी नेली. १९३६ साली मुख्य ठाणे मुंबईस हलले.

याच्या अगदी उलट क्रम पाहावयाचा तर पुणे विद्यापीठाचे पहिले वर्ष पाहावे. १० फेब्रुवारी १९४८ रोजी त्याचा कायदा संमत झाला, आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या हाती सनद प्रथम आली, संलग्न महाविद्यालये तयार होती, आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारने गणेशखिंडीतील राज्यपालांचे जुने निवासस्थान भोवतालच्या चारशे अकरा एकरांसह देऊ केले. भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथिगृहात काही काळ कारभार चालवून १ जून १९४९ रोजी विद्यापीठ त्या वास्तूत आले. २२ जून १८९७ च्या रात्री याच वास्तूतील समारंभाहून परतताना प्लेग अधिकारी रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली होती. राज्यकर्त्यांच्या त्या मेजवानीच्या दालनांत ग्रंथ आणि विद्यार्थी यावेत, हा इतिहासाचा न्याय मनास मोठे समाधान देतो. जयकरांनी पदव्युत्तर अध्यापन आणि ग्रंथालय यांवर भर दिला, आणि त्यांच्या स्थितीत तोच क्रम योग्य होता. मात्र माध्यमाचा जो प्रश्न कर्व्यांनी पहिल्याच दिवशी निकालात काढला, तो येथे पुढे ढकलला गेला. ऑगस्ट १९४९ मध्ये राधाकृष्णन आयोगाने आपल्या अहवालात उच्च शिक्षणातून इंग्रजीची जागा शक्य तितक्या लवकर भारतीय भाषेने घ्यावी, अशी शिफारस केली. हिंगण्याच्या त्या पाच विद्यार्थिनींना ती तेहतीस वर्षांपूर्वीच लागू झाली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीच शिफारस निराळ्या शब्दांत पुन्हा आली आहे, आणि आजच्या कुलगुरूंच्या नव्या वर्षाच्या संकल्पांत मराठीतील पाठ्यपुस्तकांचा उल्लेख आता नित्य होऊ लागला आहे. त्या उल्लेखापुढे लेखकाचे नाव, रक्कम आणि मुदत लिहिलेली पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे.

महिला विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाली ती १९४९ च्या कायद्याने, आणि त्याप्रमाणे नवा कारभार सुरू झाला १९५१ साली. कुलगुरुपदी आल्या सर विठ्ठलदासांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी. कर्वे तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते. मधल्या पस्तीस वर्षांत बाहेर पडलेल्या अनेक गृहीतागमांनी राजमुद्रा नसलेले पदवीपत्र हाती घेऊन शाळांत नोकरी मागितली होती, आणि ठिकठिकाणच्या कन्याशाळांनी ती दिली होती. या नव्या कायद्याने विद्यापीठास महाराष्ट्राबाहेरील महिला महाविद्यालयेही संलग्न करून घेण्याचा अधिकार दिला. तो अधिकार सनदेवाचून या संस्थेने अहमदाबादेस आणि बडोद्यास कधीच वापरावयास सुरुवात केली होती.